केबल की डीएसएल? वाचकांची पत्रं आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात घरच्या इंटरनेटबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे, 'केबलचं इंटरनेट वेगवान की डीएसएलचं?' केबलचं म्हणजे टीव्हीच्या केबलवरून येणारं, डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं. मी एकोणीस वर्षं टेलिफोनच्या तांब्याच्या जोड्या जोडल्या आणि नंतरची अकरा वर्षं केबलच्या जाळ्यावर काढली. दोन्हीकडे चांगली लाइन बघितली आहे, सडकी लाइनही बघितली आहे. त्यामुळे या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या भिंतीतून येणारी तार कुठून येते, किती लांबून येते आणि तुम्ही ती कोणत्या वेळी वापरता, हे कळल्याशिवाय बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. म्हणून ज्यांनी हे सगळं लिहून पाठवलं, अशी चार पत्रं निवडली आहेत.

'मी घरून गाणं शिकवते. संध्याकाळी सात ते नऊ विद्यार्थी पडद्यावर समोर असतात. सध्या टेलिफोनच्या लाइनवर डीएसएल आहे. मोडेम १६ एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोड दाखवतो. मुलं म्हणतात, "बाई, तुमचं चित्र थांबतं." केबलवाले १०० डाउनलोड आणि ५ अपलोड देऊ म्हणतात. पण शेजारच्या वहिनींकडे तीच केबल आहे आणि रात्री वेग निम्म्यावर येतो, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांच्याकडे जाऊन मोजलं तर दुपारी ९६ आणि ४.९ आले, रात्री साडेआठला ४१ आणि ४.६. डीएसएलची लाइन आपली एकटीची असते, ती रात्री पडत नाही, असंही ऐकलं. काय करू?'

ताई, तुम्ही शेजारी जाऊन, घड्याळ बघून, दोन्ही आकडे लिहून आणलेत याचा मला मनापासून आनंद झाला. उत्तर तुमच्या त्या चार आकड्यांतच आहे. ते वाचायचं कसं, तेवढं सांगतो.

आधी तुमची आताची लाइन. टेलिफोनच्या बोलण्याला ४ किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा लागते. तारेवर त्याच्या वरची जागा रिकामी पडून होती. एडीएसएलनं, म्हणजे डीएसएलच्या घरोघरी असणाऱ्या नेहमीच्या प्रकारानं, ती वापरायला घेतली. साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला आणि तिथून १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत डाउनलोडला, अशी वाटणी झाली. पुढे २००३ च्या एडीएसएल-टू-प्लसनं वरची हद्द दुप्पट करून २,२०८ वर नेली. ही सगळी जागा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या बारीक पट्ट्यांत कापलेली असते. मोडेम चालू केल्यावर मिनिटभर दिवा लुकलुकतो ना, तेव्हा तो एकेक पट्टी तपासत असतो. कुठली स्वच्छ आहे, कुठे खरखर आहे, कुणावर किती माल लादता येईल, याचा तो हिशेब करतो.

तुम्ही गाणं शिकवता म्हणून तुम्हाला हे चटकन समजेल. लांबून वाद्यवृंद वाजत असला की ढोल ऐकू येतो, बासरी ऐकू येत नाही. तांब्याच्या जोडीचंही तसंच आहे. अंतर वाढलं की वरच्या पट्ट्या आधी मरतात. एडीएसएल-टू-प्लसचा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस आहे, पण तो जेमतेम पहिल्या किलोमीटरपर्यंत मिळतो. दोन किलोमीटरवर १५-१६, तीनवर ८ च्या आसपास आणि पाचवर एक-दोन उरतात. तुमच्या १६ वरून मी सांगतो, तुमची तार एक्स्चेंजपासून अंदाजे दोन किलोमीटर आहे. सरळ रेषेत नाही बरं का. रस्त्याखालून वळणं घेत गेलेली तार दोन किलोमीटर.

आणि हे १६ सुद्धा तारेवरचे झाले. जुन्या डीएसएलवर माल ५३ बाइटच्या डब्यांत भरून जातो आणि त्यातले ५ बाइट पत्ता लिहिण्यातच जातात. वर आणखी थोडं वेष्टन असतं. म्हणून मोजणीत तुम्हाला १४ च्या आसपासच दिसत असणार. त्यात लाइनचा दोष नाही.

आता तुमचं खरं दुखणं, अपलोड. तुमचं चित्र मुलांकडे जातं ते अपलोडच्या वाटेनं, आणि ती वाट वरच्या हिशेबाप्रमाणे १०० किलोहर्ट्झच्या आसपास रुंद आहे. जवळच्या घरातही एडीएसएलचा अपलोड १ एमबीपीएसच्या आसपासच राहतो. हे असं मुद्दाम ठरवलं गेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोन संशोधन कंपनीत काम करणाऱ्या जोसेफ लेक्लायडर यांनी दाखवलं की दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याऐवजी एका दिशेला जास्त दिला तर एकूण बराच माल जातो. शेकडो जोड्या एका जाड केबलमध्ये अंगाला अंग लावून जातात आणि एकीचा आवाज दुसरीत झिरपतो. सगळ्यांनी दोन्हीकडून मोठ्यानं बोलायचं ठरवलं तर कुणालाच ऐकू येत नाही. त्या काळी घरात चित्रपट पोचवायचा विचार होता, घरातून शिकवण्याचा नव्हता. त्या निर्णयाची किंमत आज तुमच्यासारखे, घरात बसून काम बाहेर पाठवणारे लोक मोजतात, आणि विकणारे मात्र मोठ्या अक्षरात डाउनलोडच छापतात. याचा मला अजूनही राग येतो.

आता केबल. मध्ये एक जाड तार, भोवती फेस, त्यावर जाळी आणि पत्रा, वर काळं आवरण. ही ७५ ओमची कोअ‍ॅक्स. ती टेलिफोनच्या जोडीच्या कित्येक पट वरच्या पट्ट्या, जवळजवळ १,००० मेगाहर्ट्झपर्यंत, वाहून नेते. वाटेत अ‍ॅम्प्लिफायर असतात, म्हणून तुमचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे की टोकाला, यानं वेगात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शेजाऱ्यांच्या संख्येनं. फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, एका नोडपर्यंत, म्हणजे वस्तीतल्या वाटणीच्या पेटीपर्यंत, येतो आणि तिथून काहीशे घरं एकाच कोअ‍ॅक्सच्या जाळ्यावर असतात.

टीव्हीच्या एका चॅनेलएवढ्या जागेत, म्हणजे ६ मेगाहर्ट्झमध्ये, साधारण ३८ एमबीपीएस मावतात. जिथे चॅनेल ८ मेगाहर्ट्झचा आहे तिथे ५० च्या आसपास. केबल इंटरनेटचं डॉक्सिस नावाचं मानक १९९७ मध्ये आलं तेव्हा मोडेम असा एकच चॅनेल ऐकायचा. २००६ च्या डॉक्सिस ३.० नं अनेक चॅनेल एकत्र बांधायला सुरुवात केली. समजा तुमच्या नोडवर आठ बांधले आहेत. म्हणजे ३०० एमबीपीएसच्या आसपास सगळ्यांत मिळून. दुपारी घरं रिकामी असतात, तेव्हा वहिनींना ९६ मिळाले. रात्री साठ घरांत ५ एमबीपीएसचं एकेक चित्र चालू झालं की ३०० संपले. वहिनी खोटं बोलत नाहीत.

पण ताई, त्यांची तक्रार डाउनलोडची आहे आणि तुमची गरज अपलोडची. रात्री साडेआठला त्यांचा अपलोड ४.९ वरून ४.६ वर आला, बस. समोरासमोर चांगलं चित्र पाठवायला दीड ते तीन एमबीपीएस अपलोड पुरतो. आणि पडलेले ४१ सुद्धा तुमच्या १६ च्या अडीचपट आहेत.

'डीएसएलची लाइन आपली एकटीची' हे अर्धं खरं आहे. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची जोडी तुमची एकटीची, हे बरोबर. तिथून पुढे सगळे एकाच वाटेला लागतात, आणि ती वाट कंपनीनं अरुंद ठेवली असेल तर रात्री तीही तुंबते. जोडी वेगळी असली तरी शेजारच्या जोडीची कुजबुज तिच्यात येतेच. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकानं, २०११ मध्ये हजारो घरांत यंत्रं बसवून केलेल्या मोजणीचा अहवाल काढला. संध्याकाळी सात ते अकराच्या गर्दीत डीएसएल जाहिरातीतल्या वेगाच्या सरासरी ८२ टक्के देत होतं, केबल ९३ टक्के आणि फायबर ११४ टक्के. मी केबलवर असताना हे वाचलं आणि मला नवल वाटलं नाही. केबल रात्री घसरते, ती घसरण दिसते, म्हणून तिची बोंब होते. डीएसएलची तूट बरेचदा तारेच्या लांबीतच असते. ती चोवीस तास तशीच राहते आणि माणूस तिला सरावतो.

म्हणून माझं मत, केबल घ्या. पण एक धोका सांगून ठेवतो, कारण त्यानंच माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या आहेत. केबलवर अपलोड खालच्या पट्टीत असतो, ५ पासून कुठे ४२, कुठे ६५ मेगाहर्ट्झपर्यंत. सगळ्या घरांतला सगळा गोंगाट त्याच पट्टीतून गोळा होत होत नोडकडे येतो, ओढे नदीला मिळावेत तसा. एकदा एका नोडवरच्या सगळ्या घरांचा अपलोड रोज संध्याकाळी कोसळत होता. आम्ही एकेक फांदी सोडवून बघत चार संध्याकाळी फिरलो. शेवटी एका घरातली बंद खोली निघाली. जुन्या टीव्हीची केबल भिंतीतून उघडीच लोंबत होती आणि शेजारच्या खोलीतली मोटर रोज ठरावीक वेळेला चालू व्हायची. उघडं टोक अँटेनासारखं तो आवाज पकडून आख्ख्या वस्तीच्या अपलोडमध्ये ओतत होतं. पाऊण बोटाचं एक झाकण बसवलं आणि दोषच गेला. त्यामुळे वहिनींकडची एका रात्रीची मोजणी पुरेशी धरू नका. सात संध्याकाळी मोजा, लॅपटॉपला वायर लावून, तुमच्या शिकवणीच्याच वेळेत. अपलोड सातही दिवस तीनच्या वर राहिला तर डोळे मिटून घ्या. एखाद्या दिवशी दोनच्या खाली गेला तर आधी त्यांना तक्रार करायला लावा. आणि नवी लाइन महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नका.

एक गोष्ट मात्र हे सगळं उलटवू शकते. टेलिफोन कंपनीला विचारा, तुमच्या रस्त्यावरच्या पेटीतून व्हीडीएसएल-टू मिळतं का. त्यात फायबर पेटीपर्यंत येतो, तांबं फक्त पेटी ते घर एवढंच उरतं, आणि पट्टी १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंत वापरतात. पेटी पाचशे मीटरच्या आत असेल तर अपलोड १० किंवा त्याहून जास्त मिळू शकतो. मग डीएसएलवरच राहा, केबलकडे बघूही नका. पेटी दीड किलोमीटरवर असेल तर मात्र त्या नावाला भुलू नका. इतक्या अंतरावर ते तुमच्या आताच्या लाइनपेक्षा फारसं पुढे जात नाही.

तोवर आजच्या शिकवणीसाठी एक उपाय. चित्राची गुणवत्ता मुद्दाम कमी करा. आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुष्कळ होतात, चित्रच सगळी जागा खातं. गाण्यात आधी सूर पोचला पाहिजे. आणि मुलांना तुमच्याबरोबर एकाच वेळी गायला लावू नका. आवाज पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांहून जास्त लागले की लय सुटायला लागते, आणि घरच्या लाइनवर, आवाज पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा वेळ धरून, सहसा यापेक्षा जास्तच लागतात. तुम्ही गा, मग त्यांनी गावं.

'१०० एमबीपीएसचं केबल घेतलं, पण फाइल उतरवताना कधीच १२ च्या वर जात नाही. ही फसवणूक नाही का?'

नाही. कंपनी बिटमध्ये बोलते, संगणक बाइटमध्ये दाखवतो आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. त्यातून थोडं वेष्टनात जातं. १२ दिसत असेल तर तुमची लाइन उत्तम आहे.

'काका, मी कॉलेजात आहे. आमच्याकडे डीएसएल आहे, पिंग २५ असतो. पण धाकटी बहीण फोनवरून व्हिडिओ पाठवायला लागली की तोच पिंग १,२०० होतो आणि मी खेळात मरतो. मित्र म्हणतात केबल घे, ती फास्ट आहे. घरी सांगू का?'

घरी सांगायच्या आधी हे वाच. तुला हवा आहे तो वेग वेगळा आणि मित्र म्हणतात तो वेगळा. ते म्हणतात ती रस्त्याची रुंदी. तुला हवा आहे तो एका निरोपाला जाऊन-येऊन लागणारा वेळ, म्हणजेच पिंग, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. खेळाला एमबीपीएस फारच थोडे लागतात.

नुसत्या लाइनचं म्हणशील तर केबल सहसा पुढे असते. वर सांगितलेल्या २०११ च्या मोजणीत सरासरी वेळ डीएसएलचा ४४ मिलिसेकंद होता, केबलचा २८ आणि फायबरचा १७. डीएसएल मागे पडण्याचं एक मोठं कारण इंटरलीव्हिंग हे आहे. लाइनवर कडकड झाली की बिट सलग मरतात. म्हणून पाठवतानाच ते पत्त्यांसारखे पिसून पाठवतात, म्हणजे मेलेले विखुरले जातात आणि दुरुस्त करता येतात. पण पुन्हा लावायला थांबावं लागतं आणि त्यात दहा-वीस मिलिसेकंद सहज जातात. लाइन स्वच्छ असेल तर कंपनीला ते बंद करायला सांगता येतं. तुझा पिंग मुळात २५ आहे म्हणजे तुझ्या लाइनवर ते बंद किंवा अगदी कमी असावं. तुझी लाइन चांगली आहे, पोरा. तिला शिव्या देऊ नकोस.

तुझे १,२०० येतात ते मोडेममधल्या रांगेतून. बहिणीचा व्हिडिओ १ एमबीपीएसच्या अपलोडवर ढकलला जातो. मोडेम काहीच टाकून देत नाही, सगळं आपल्या पोटात साठवतो. २५६ किलोबाइटचं पोट भरलं तर ते १ एमबीपीएसनं रिकामं व्हायला दोन सेकंद लागतात, आणि तुझा बंदुकीचा चाप त्या रांगेच्या शेवटी उभा असतो. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञानं २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरी हेच पाहिलं आणि या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. त्याच्या घरी केबलच होती. केबल घेतलीस तरी ही रांग तुझ्या मागे येईल, फक्त तिथे अपलोड जास्त असल्यामुळे ती लवकर ओसरेल.

औषध घरातच आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' शोध. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के लिही आणि पद्धत निवडायला दिली असेल तर 'एफक्यू-कोडेल' निवड. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या 'कोडेल'वर ती उभी आहे. रांग लांबतेय असं दिसलं की ती वेळीच थोडं टाकून देते, आणि तुझ्यासारख्या बारीक निरोपांना मोठ्या फाइलच्या मागे तिष्ठत ठेवत नाही. मर्यादा खरी असलेल्यापेक्षा कमीच ठेव, कारण रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागली तरच ती आपल्या ताब्यात राहते. बहिणीचा व्हिडिओ काही सेकंद उशिरा जाईल, तिला कळणारही नाही.

आणि वाय-फाय सोडून वायर लाव. मला आलेल्या अशा तक्रारींपैकी कितीतरी तिथेच संपल्या.

'वय ७२. गावाबाहेर राहतो, रस्त्यावर केबल नाही. डीएसएल ३ एमबीपीएस मिळतं आणि त्यावर मी समाधानी होतो. गेल्या वर्षापासून पाऊस पडला की लाइन तुटते. फोनची घंटी वाजली तरी तुटते. आश्चर्य म्हणजे रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला की काही वेळ छान चालते. मोडेमच्या पानावरचे आकडे उतरवून पाठवतो: लाइन अ‍ॅटेन्युएशन ५४, मार्जिन कोरड्या दिवशी ८, पावसात २. कंपनीचा माणूस तीनदा आला आणि तीनदा म्हणाला, "तुम्ही लांब राहता, त्याला काही करता येत नाही." मुलगा म्हणतो लाइन काढून टाका. काय करावं?'

लाइन काढू नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण असं नेमकं लिहिणारा माणूस आम्हाला कामावर कधी भेटला असता तर आमच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

अ‍ॅटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती गळाला ते, डेसिबलमध्ये. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्यावर किलोमीटरमागे साधारण १३-१४ गळतात. तुमचे ५४ म्हणजे चारेक किलोमीटर. तेवढ्या अंतराला ३ एमबीपीएस ठीकच आहेत, फार तर एखादा आणखी मिळेल. इथवर कंपनीचा माणूस बरोबर. पण पावसात अंतर वाढत नाही. घंटी वाजली म्हणून एक्स्चेंज लांब जात नाही. जे बदलतं ते मार्जिन, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर उभा आहे ते. साधारण ६ च्या वर असलं की लाइन टिकते, २ वर ती कधीही पडेल. कोरड्या दिवशी ८ आणि पावसात २ असेल तर पाणी कुठेतरी तांब्यापर्यंत पोचतंय.

आणि रिसीव्हरची गोष्ट. तुम्ही त्याला आश्चर्य म्हटलंत, माझ्यासाठी ती खूण आहे. कुठल्यातरी जॉइंटमध्ये दोन तारांच्या मध्ये गंज धरलाय. त्याचा पातळ थर वीज अडवतो, पण पूर्ण नाही. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टचा प्रवाह जोडीतून वाहू लागतो, तो थर फुटतो आणि जॉइंट तात्पुरता शुद्धीवर येतो. ठेवला की काही वेळानं पुन्हा गंज जिंकतो. घंटीचे ७५-९० व्होल्ट त्याच कमकुवत जागेला झटका देतात आणि मोडेमच्या हातून दोर सुटतो. आम्ही याला हाय रेझिस्टन्स जॉइंट म्हणायचो. नवा पोरगा कामावर आला की त्याला मी पहिल्यांदा हेच शिकवायचो, की गिऱ्हाईक 'फोन उचलला की बरं चालतं' म्हणालं तर शिडी परत गाडीत टाकू नकोस.

असा एक जॉइंट मला अजून आठवतो. माझ्या आधी तीन जण त्या घरी जाऊन 'अंतर' लिहून आले होते. मी लाइनवर टीडीआर लावला. हे यंत्र तारेत ठोका सोडतं आणि तो कुठून परत फिरला ते मीटरमध्ये सांगतं. त्यानं सहाशे मीटरवर बोट ठेवलं. तिथे गवतात बुडालेली जोडपेटी होती. उघडली तर दोन तारा नुसत्या पिळून, वर कागदी पट्टी गुंडाळून कुणीतरी कधीकाळी सोडून दिल्या होत्या. पट्टीखाली हिरवी भुकटी. दोन्ही टोकं चकाकेपर्यंत मागे कापली, जेली भरलेले कनेक्टर दाबले आणि पेटीचं झाकण नीट बसवलं. मार्जिन ३ वरून ९ झालं. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

आता तुम्ही हे करा. आधी घरातला दोष नाही ना, ते तपासा. लाइन घरात शिरते त्या पहिल्या डबीला फक्त मोडेम लावा, बाकीच्या सगळ्या फोनच्या तारा काढून ठेवा आणि एक पावसाळी संध्याकाळ तसंच चालवा. तरी तुटली तर दोष बाहेर आहे. तुटली नाही तर घरातल्या एखाद्या फोनला फिल्टर, म्हणजे बोलणं आणि इंटरनेट वेगळं ठेवणारी छोटी डबी, नाही किंवा तो खराब आहे. फिल्टर प्रत्येक फोनला लागतो, एकाला लावून भागत नाही. बाहेरच दोष निघाला तर फोन लावून रिसीव्हर उचला आणि कुठलाही एक आकडा दाबा. डायलचा सूर थांबतो आणि काही सेकंद शांतता असते. त्या शांततेत कान द्या. कुरकुर, खरखर ऐकू आली तर तक्रार इंटरनेटची करू नका, 'फोनवर आवाज येतो' अशी करा. इंटरनेटच्या तक्रारीला 'अंतर' हे उत्तर तयार असतं. फोनच्या खरखरीला ते उत्तर देता येत नाही, जोडी तपासावीच लागते. माणूस आला की त्याला तुमचे दोन आकडे दाखवा, पावसातला आणि कोरडा, आणि 'हाय रेझिस्टन्स जॉइंट शोधा, टीडीआर लावून बघा' असं स्पष्ट सांगा. तो येणार त्या सकाळी रिसीव्हर बराच वेळ जागेवरच राहू द्या, उचलू नका. नाहीतर जॉइंट नेमका त्याच्यासमोर चांगला वागेल.

जॉइंट दुरुस्त झाल्यावर वेग फारसा वाढेल असं समजू नका. ३ चे कदाचित साडेतीन-चार होतील, चार किलोमीटरचं तांबं त्यापुढे जाऊ देणार नाही. पण लाइन पडणार नाही, आणि तुम्हाला तेवढंच हवं होतं. दुरुस्ती झाली की पहिल्या मोठ्या पावसात मोडेमचं पान उघडून मार्जिन बघा आणि तो एक आकडा मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा.